उजव्या बाजूचं हाड

सरखेलांच्या घरात हाडांची पेटी आली तेव्हा बीणापाणीबाईंनी तिच्यावर गंगाजल शिंपडलं आणि लेकीला बजावलं, "त्याला हात लावलास की आधी आंघोळ. तशीच माशाच्या कालवणाला शिवलीस तर बघ!" तापसी हसली. शोभाबाजारच्या त्या गल्लीतली ती पहिली डॉक्टरीण होणार होती. आंघोळ तर आंघोळ. पेटी वरच्या वर्गातल्या मुलाकडून आली होती, त्याने ती हाडांच्या दलालाकडून नुकतीच घेतलेली. हाडं मुळात कुणाची, हे कुणी विचारत नाही. विचारत बसलं तर अभ्यास कधी करायचा?

रविवारी दुपारी मैत्रीण केया आली. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर होती. मेडिकलच्या पोरांचा एक सराव असतो. डोळे बांधायचे, हाड हातात घ्यायचं आणि नाव, बाजू सांगायची. तापसीने डोळ्यांवर गमछा बांधला.

"मांडीचं. डावं."

"बरोबर, बाईसाहेब. हे?"

"दंडाचं, उजवं. अवघड काहीतरी दे की गं!"

केयाने एक बारीक, वळणदार हाड दिलं.

"गळ्याखालचं. उजवं..." आणि तापसीचं बोट अडलं. हाडाच्या मधोमध सुपारीएवढं टेंगूळ होतं. मोडून वाकडं जुळलेलं हाड. बोट पुन्हा पुन्हा तिथेच फिरू लागलं. ते टेंगूळ त्या बोटाच्या ओळखीचं होतं.

पिशी! तिची आत्या, बाबांची विधवा बहीण पारुल. तापसी तीन वर्षांची असताना जिन्यावरून घसरली, तेव्हा पिशीने तिला झेललं आणि स्वतः पडली. विधवेच्या हाडाला कसला आलाय डॉक्टर! हळद-चुना थापला, हात झोळीत अडकवला, झालं. ते टेंगूळ चाचपत तापसी पुढे कितीतरी वर्षं झोपली. मग घरात जागा कमी पडू लागली आणि पिशीला 'देवाचं नाव घ्यायला' नवद्वीपच्या आश्रमात पोचवलं. अशी पोचवणारी घरं थोडी नाहीत. पोचवून आलं की पुण्य केल्यासारखी झोपही लागते म्हणे. पिशीची पोस्टकार्डं येत. शेवटच्या कार्डात होतं, "थंडी फार आहे. एकदा भेटून जा." तापसीने उलट लिहिलं, "प्रवेशपरीक्षा झाली की येते." परीक्षा झाली, निकाल लागला, मिठाई वाटली. नवद्वीप राहिलंच.

आंघोळ न करता, हाड मुठीत घेऊन ती खाली आली. बाबा, हरिसाधनबाबू, पान चघळत पेपर वाचत होते.

"बाबा, पिशीचं पत्र शेवटचं कधी आलं?"

"भजनात रमली असेल गं ती."

तिने हाड त्यांच्या हातात दिलं. "बोट फिरवा."

झोळी त्यांनीच बांधली होती. त्यांचं पान तोंडातच राहिलं. "कुणाचंही असेल, पोरी. हाडं काय, सगळ्यांची मोडतात."

"असेल. मग पिशी कुठे आहे?"

हरिसाधनबाबू उठले आणि कालीमातेच्या तसबिरीमागून त्यांनी एक पोस्टकार्ड काढलं. आश्रमाचं होतं. पारुलदासी वारली. अग्नी द्यायला कुणीतरी यावं, तीन दिवस वाट पाहू. तारीख तापसीच्या प्रवेशपरीक्षेच्या चार दिवस आधीची.

"तुझी परीक्षा होती," ते म्हणाले. "घरात रडारड झाली असती. म्हटलं, नंतर सांगू."

"आणि तीन दिवसांनी काय केलं असेल त्यांनी?"

उत्तर दारात उभ्या केयाने दिलं, खाली बघत. "बेवारस म्हणून दलालाला देतात. या पेट्या तिथूनच येतात. माहीत असतं गं सगळ्यांना."

तापसीने बाबांवर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडाने? परीक्षा झाली की येते, असं लिहिणारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी तापसी आणि आईबाबा घाटावर गेले. बीणापाणीबाईंनी आंघोळीचं नाव काढलं नाही. ती सगळी हाडं त्यांनी स्वतःच्या लोकरी शालीत गुंडाळली होती, उशिरा का होईना.

"नाव?" पुरोहिताने विचारलं.

"पारुल."

"गोत्र? नवऱ्याचं सांगा."

हरिसाधनबाबूंना आठवेना. सासरच्या लोकांनी तर नवरा गेल्यावर तिला वर्षात हाकललं होतं.

"माझं घाला. शांडिल्य."

"असं चालत नाही, बाबू."

"न चालणारं पुष्कळ चालवलंय मी! बहीण आहे ती माझी. घाला म्हणतो ना."

तापसी मध्येच पुरोहिताला म्हणाली, "यात एकटी पिशी नाही, ठाकुरमशाय. मांडीची हाडंसुद्धा एकमेकांना जुळत नाहीत. आणखी दोघी-तिघी तरी असतील."

"त्यांची नावं?"

कुणालाच माहीत नव्हती. "त्याही शांडिल्यच," हरिसाधनबाबू म्हणाले.

तोंडी परीक्षा तापसी कॉलेजातल्या हाडांवर पास झाली. तीही कुणाची तरी होतीच. पुढच्या रविवारी ती एक कोरी वही घेऊन नवद्वीपला गेली. जित्या बायकांची नावं लिहायची, घरचे पत्ते लिहायचे आणि ती दारं ठोठावायची, एवढंच तिने ठरवलं होतं. ओसरीवर सगळ्यांत पुढे एक म्हातारी माळ ओढत बसली होती.

"घरी कोण आहे, दिदिमा?"

"भाऊ आहे ना! फार गुणाचा."

"शेवटचा कधी आला होता?"

म्हातारीने बोटांवर वर्षं मोजली, मग नाद सोडून ती हसली. "कामात असेल गं तो."

तापसीने वही उघडली. "पत्ता सांगा. मी जाते त्याच्याकडे."