धाग्यातलं पाणी

बाईंनी पंचवीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. शाळा सुटली, पण 'बाई' हे नाव काही सुटलं नाही. नवराही त्यांना बाईच म्हणायचा. आधी चेष्टेने, मग सवयीने. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये भलताच उद्योग मांडला. केळीचा घड उतरवला की खोड बांधावर कुजायला टाकून देतात. त्या खोडाचा धागा काढायचा, सोड्याच्या पाण्यात धुवायचा, दोरीवर वाळवायचा, विंचरून त्याचे थर रचायचे, त्यांना राळ पाजायची आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. बाहेर पडायची ती फळी लाकडाहून हलकी आणि चिवट अशी, की नवरा तिच्यावर उभा राहून उड्या मारून दाखवायचा.

"नव्वद किलो," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "फळीचं नव्हे हो, माझं वजन."

प्रेस तो चालवायचा. त्याची धाकटी बहीण धागा धुवायची, वाळवायची. पण सकाळी शेड उघडायच्या बाईच, सगळ्यांच्या दोन तास आधी. दोरीवरचा धागा हाताला कोरडा लागला, तरी त्याच्या पोटात पाणी असतंच. ते राहिलं तर प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि फळीला फोड येतात. म्हणून बाई दिवसभराचा धागा कपाटाएवढ्या भट्टीत ठेवायच्या, मग एक पेंडी गालाला लावून बघायच्या आणि बाकीचे यायच्या आत सगळं मांडणीवर रचून ठेवायच्या. त्यांनी हे कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. भट्टी कोमट लागली आणि नवऱ्याने विचारलं, की म्हणायच्या, "नमुने भाजत होते." कधी त्या चार दिवस आपल्या बहिणीकडे गेल्या की मांडणी रिकामी आणि प्रेसही बंद राहायचा. आपल्यावाचून अडतं, हे त्यांना मनातून गोड लागायचं.

एका दुपारी चहा गाळता गाळता बाईंच्या हातातून गाळणी पडली. उजवा हात लुळा झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "यांना कळतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत." खरंच होतं ते. मनात एक यायचं आणि तोंडातून दुसरंच पडायचं. बहुतेक वेळा 'चमचा.'

नेमकं त्याच महिन्यात बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका माणसाने सीटच्या पाठींसाठी दोनशे फळ्या मागितल्या. नवऱ्याने प्रेस चालू केला. पहिली फळी निघाली ती भाकरीसारखी फुगलेली. दुसरीही तशीच. तो डोकं धरून बसला. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या बाई जिवाच्या आकांताने म्हणाल्या, "चमचा! चमचा!"

"मी का चमचा?" तो केविलवाणं हसला. "तुझाच आहे गं. गेली तीस वर्षं."

बाईंनी डाव्या हाताने धाग्याची पेंडी उचलून गालाला लावली आणि भट्टीकडे बोट केलं. त्याने पेंडी पाहिली, त्यांचा गाल पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "हो गं, जीव आहे तुझा यात," म्हणत त्याने त्यांच्या गालावरून हात फिरवला. बाईंनी तो हात झिडकारला. कागद दिला तर डाव्या हातातली पेन्सिल नुसतीच गिरगटत राहिली. हजारो समीकरणं लिहिलेल्या बाईंना आता 'प' आणि 'फ' सारखेच.

मग त्या रोज भट्टीकडे जायला निघायच्या आणि नणंद रोज त्यांना अडवायची. "वहिनी, पोळेल! दादा मला काय म्हणेल?" नणंदेचं तरी काय चुकत होतं? एकदा नवऱ्याने भट्टीत राळेचा नमुना तापत ठेवला असताना नणंद फोनवर बोलत बाहेर गेली. बाई भिंतीला धरत धरत गेल्या, दार ओढलं आणि एका फळीपुरता धागा आत कोंबला. दोन तासांनी नणंदेच्या लक्षात आलं. तिने कपाळावर हात मारला, धागा बाहेर काढला आणि होता तसा ढिगावर ठेवून दिला.

त्या दिवशी आठ फळ्या निघाल्या. सात फुगल्या. एक अशी सपाट आणि घट्ट निघाली, की नवऱ्याने आरोळीच ठोकली. त्या एका फळीला त्याने राळ थोडी कमी घातली होती. "राळ जास्त होत होती! सापडलं!"

बाईंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. त्यांना आनंद झालाय असं समजून दोघंही हसले.

बॉडीवाला माणूस आला, त्या फळीवर बूट घालून उभा राहिला आणि "अशाच द्या" म्हणून गेला. राळ आणखी आणखी कमी करत दोनशे फळ्या निघाल्या आणि दोनशेच्या दोनशे फुगल्या. बॉडीवाला चांगला माणूस होता. त्याने दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा त्याने फोनवर ऑर्डर रद्द केली. पावसाळा संपता संपता नवऱ्याने प्रेस विकला. क्रेनने तो उचलला तेव्हा बाई दारातच बसून होत्या. नवऱ्याने त्यांच्यावर चादर पांघरली. त्यांना थंडी वाजत नव्हती.

वाचा शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. चित्रं दाखवायची, ओठ हलवून दाखवायची. कप, दार, पाणी. वर्षाने बाई दोन-दोन शब्द जोडू लागल्या. एका सकाळी नवरा बाल्कनीत ओले कपडे पिळत होता आणि त्या सलग बोलल्या, "धागा ओला होता. भट्टीत ठेवायचा. दोन तास."

तो तसाच उभा राहिला. पिळलेल्या शर्टातून पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

"रोज ठेवायचीस?"

"रोज."

"म्हणून लवकर जायचीस?"

बाईंनी मान हलवली. तो हळूच स्टुलावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आजार आला त्याआधी शेडची सहा वर्षं होती, बाई," तो म्हणाला. "तेव्हा तर शब्दांची काही वाण नव्हती तुला. तेव्हा का नाही सांगितलंस मला?"

आता बाईंच्या तोंडात शब्द होते. चार-पाच तरी नक्की जुळले असते. त्यांनी डाव्या हाताने बादलीतला ओला शर्ट उचलून त्याच्यापुढे धरला. तो उठून उरलेले कपडे दोरीवर टाकू लागला.