सुण्ण

अनुसूयाबाईंच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला कातडीखाली पांढरे खडे धरले होते. डॉक्टर त्यांना कॅल्शियम म्हणत. कापडावर बोट टेकलं की कळ खांद्यापर्यंत जाई. देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवून त्यांनी घर उभं केलेलं. डोळे मिटून कापड चिमटीत धरलं तरी सुताची जात सांगत. तेच बोट आज ऑपरेशनच्या टेबलावर होतं आणि बाहेर बाकावर सून शालनचा जीव टांगणीला लागला होता. खडे काढताना नस दुखावली तर बोट कायमचं बधिर होईल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

शालन कराडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिचं कन्नड भाजी घेण्यापुरतं. नवरा, बिंदुमाधव, नेमका औषधं आणायला गेला आणि डॉक्टर बाहेर आले.

"सुण्ण एल्ला होय्तु," ते हसून म्हणाले आणि निघून गेले.

एल्ला म्हणजे सगळं, होय्तु म्हणजे गेलं, एवढं तिला कळलं. आणि सुन्न तर काय, आपल्याच मराठीतलं! म्हणजे बोट पार सुन्न होऊन गेलं. हा मेला वर हसतो कसला, असंही मनात येऊन गेलं.

रिक्षात सासूबाईंसमोर नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. "बोट कळतंय का?" एवढंच तिने विचारलं.

"काही कळत नाही गं. लाकूड झालंय."

भुलीचं इंजेक्शन तिच्या ध्यानातच आलं नाही. घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला.

घरी पोचल्यावर अनुसूयाबाईंनी पान मागितलं. खाल्लेला चुनाच बोटात साचला, या समजुतीने त्यांनी शालन येण्याआधीच पान सोडलं होतं. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी आज सांगितलं होतं.

"सुण्ण जरा जास्त लाव."

"काय लावू?"

"सुण्ण गं. तुम्ही चुना म्हणता तो. बोटातून काढलं तेही सुण्णच की."

शालनने पानाचा डबा पुढे ओढला. म्हणजे गेला तो चुना. पण बोटाचं काय? त्याबद्दल तर डॉक्टर काहीच बोलले नव्हते.

दिवेलागणीला अनुसूयाबाईंनी एकदम हात छातीशी धरला. बोटाचं टोक ठणकतंय, म्हणाल्या.

"अगदी टोकाला?"

"टोकालाच गं. फार दुखतंय."

"दुखू द्या, आत्याबाई," शालन म्हणाली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागली.

अनुसूयाबाई लेकाकडे बघत राहिल्या. असली सून त्यांनी कुठे पाहिली नव्हती.