डोकं वर, डोकं खाली

मेलेल्या बॅटऱ्या उठवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. सुतार, प्लंबर, एसी बसवणारे, सगळे आपल्या ड्रिलच्या दमलेल्या बॅटऱ्या घेऊन त्याच्याकडे येत. तो कवच उघडी, आतले बोटाएवढे सेल एकेक तपासून बघी, आणि निपचित पडलेल्याला चांगल्या बॅटरीतून हलकासा झटका देऊन जागं करी. जागा झालेला सेल मग काही दिवस ट्रेमध्ये उभा राही. त्याने वीज धरून ठेवली तर डोकं वर. गळू लागला किंवा अंग तापलं तर डोकं खाली, म्हणजे भंगार. ही खूण त्याने कुणाला सांगितली नव्हती. धंद्यातली गोष्ट बाहेर गेली की धंदा गेलाच, असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्या बाहेरच्यांत त्याने बायकोलाही बसवलं होतं.

त्या दुपारी तो जेवून हात पुसत होता, तेव्हा बायको सहज म्हणाली, "अहो, काल तुमचं टेबल आवरलं हं. ट्रेमधले सेल कसेही उलटसुलट खोचलेले. सगळे सरळ करून ठेवलेत, आता बघायला तरी बरं वाटतं."

"सरळ म्हणजे?"

"सगळ्यांची डोकी वर."

त्याने हातातलं फडकं टाकलं. सकाळीच धाकटा भाऊ येऊन गेला होता. हा सुतार, हाताने नेटका आणि तोंडाने फटकळ. "दादा, आटप लवकर, उद्या अख्खं स्वयंपाकघर बसवायचंय," असं म्हणत नुसता डोक्यावर उभा. त्या घाईत त्याने डोकं वर असलेले दोन सेल उचलून भावाच्या बॅटरीत जोडले होते. मीटरवर आकडा ठीक आला. पण बिघडलेला सेलही सुरुवातीला आकडा ठीकच दाखवतो. तो खरे गुण उधळतो ते चार्जिंगला लावल्यावर. आधी तापतो, मग फुगतो, मग पेटतो.

आणि निघताना भाऊ म्हणाला होता, "घरी चार्जिंगला लावतो आणि कामावर पळतो."

भावाच्या घरी आई होती. भावाची बायकोही नोकरीवर गेलेली, म्हणजे आई एकटी. कमरेचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून कशीबशी दारापर्यंत जाणारी, फोनला हात न लावणारी.

त्याने भावाला फोन लावला. नुसती रिंग. कामावरच्या करवतीच्या आवाजात ढोल वाजवला असता तरी भावाला ऐकू गेला नसता.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" चपला शोधत तो बायकोवर खेकसला.

"लावू नको असं तरी कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने वाद तिथेच सोडला, फोन उचलला आणि त्याच्या मागे निघाली.

भावाचं घर तीन गल्ल्या सोडून. मधला रस्ता पाइपासाठी खणून ठेवलेला, त्यामुळे मातीच्या ढिगावरून जावं लागलं. कोपऱ्यावर एक प्लंबर आडवा आला. "माझी झाली का हो बॅटरी?" असं त्याने विचारलं, पण हा थांबलाच नाही. एरवी गिऱ्हाइकाशी घटकाभर गप्पा छाटणारा माणूस असा पळताना बघून प्लंबर चाट पडला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आईची खाट रिकामी. उशाजवळच्या स्टुलावर चार्जर, त्यावर लाल दिवा लुकलुकतोय, आणि बॅटरी गायब. खोलीत गोडसर, उग्र वास पसरला होता. थिनरची बाटली उघडी राहावी तसा. हा वास त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. सेल फुटायच्या आधी असाच सुटतो.

"आई!"

मागचं दार उघडं होतं. परसात आई वॉकर पुढे टाकत, एकेक पाऊल ओढत नळाकडे चालली होती. वॉकरच्या दांडीला भाजीची कापडी पिशवी अडकवलेली, आणि त्या पिशवीतून सूं सूं आवाज येत होता. कापडातून धूर निघत होता.

"आई, थांब. हलू नकोस."

"अरे, तू कसा इकडे? घाण वास सुटला बघ हिला. म्हटलं बाहेर नेऊन ठेवावी."

त्याने पिशवी ओढली. हात भाजला तसा दात आवळून ती भिंतीच्या कोपऱ्याकडे भिरकावली, आईला कमरेत धरून उचललं आणि वॉकरसकट दाराआड आणलं. मागे फाड्‌कन आवाज झाला. पुन्हा झाला. कोपऱ्यात जाळ उठला, आणि तो विझला तेव्हा भिंत काळी झाली होती.

त्याने आईला खाटेवर बसवलं. आईला धाप लागली होती एवढंच. बायको दारात येऊन पोचली, फोन अजून कानाला.

"हाताला फोड आला रे तुझ्या," आई म्हणाली. "धाकटा तर तिला बाहेर ओट्यावरच लावत होता. मीच म्हटलं, इथे उशाशी लाव, झाली की काढता तरी येईल मला. तो म्हणे, नको आई, तापतात या. म्हटलं, अरे, दादाच्या हातची आहे, तिला काय होतंय."

त्याने मान खाली घातली. बायकोने टेबल आवरलं हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनमधून आवाज आला.

"वहिनी? काय झालं? एवढे फोन?"

बायकोने फोन त्याच्यापुढे धरला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "बॅटरी पेटली. आई ठीक आहे. वाईट सेल घातला गेला माझ्याकडून. चूक माझी आहे."

आता भाऊ तोंडाचा पट्टा सोडणार, म्हणून त्याने मन घट्ट केलं. एरवी साध्या उशिरावरून चार गोष्टी सुनावणारा तो भाऊ. पण पलीकडे करवत बंद झाली.

"दादा," भाऊ हळूच म्हणाला, "ती आईच्या उशाशी होती रे."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि आईच्या खाटेशी खाली बसला.