बेस्तरवारची पँट

केडगावात पुणे रस्त्यालगत जयाचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. जीन्स सांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. विरलेल्या गुडघ्याला आतून ठिगळ लावायचं, वरून बारीक टीप मारायची आणि देताना सांगायचं, उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, अजून चार वर्षं निघेल. जुन्या पँटीला ती जुनंच कापड लावी. नवं जोडलं की शेजारचं विरलेलं ओढून फाटतं.

मार्चमध्ये तिच्याकडचं जुनं कापड संपलं. फळीवर कानिफनाथ नावाच्या माणसाची दुरुस्तीला टाकलेली जीन्सची पँट दीड वर्ष पडून होती. पाथर्डीकडचा ऊसतोड्या. तीन गुरुवार तो येऊन गेला, तिन्ही वेळा जयाने पुढचा गुरुवार सांगितला. चौथ्या गुरुवारी तो आलाच नाही. शेवटी आता जयाने ती पँट कापली. एक तुकडा टेम्पोवाल्या बन्सीच्या गुडघ्याला लागला, दुसरा कॉलेजात जाणाऱ्या मोनिकाच्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी चार वाजता बन्सी दुकानासमोर येऊन उभा राहिला. टेम्पो रस्त्यावर चालूच होता.

"झाली का ताई? बेस्तरवार सांगितला हुता."

अंगात घातलीये की, असं जया म्हणाली. बन्सीने खाली पाहिलं आणि तो ओशाळला. कांदा घेऊन नेप्तीच्या बाजाराला निघालो होतो, इकडे कसा वळलो कळेना, असं पुटपुटत तो गेला. उन्हाचा त्रास असेल, असं जयाला वाटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, चारच वाजता, मोनिका आली. वर्ग चालू असताना उठून आली होती. तिनेही तेच शब्द उच्चारले, त्याच संथ आवाजात. तिच्या घरात गुरुवारला बेस्तरवार कुणी म्हणत नसे. ते शब्द कानिफनाथचे होते. जयाने खांद्याला हात लावताच ती भानावर आली आणि रडायला लागली.

जयाने दोघांच्या जीन्स मागून घेतल्या. ठिगळं उसवली, त्या जागी आपल्या जुन्या जीन्सचं कापड लावून दिलं, आणि दोन दिवस बसून कानिफनाथची पँट होती तशी जोडली. पँटीला टाचलेल्या चिठ्ठीवर फोन नंबर होता. तिने तो लावला. फोन त्याच्या बायकोने, रंगुबाईने उचलला. ती श्रीगोंद्याजवळ साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या वस्तीत होती. मागच्या हंगामात कानिफनाथ ट्रॉलीखाली सापडला, तेव्हापासून त्याचे पाय लुळे होते. घरी बघणारं कुणी नाही म्हणून ती त्याला तोडीवर बरोबर आणत होती. तो बोलत नसे. पण या महिन्यात दोनदा, गुरुवारी दुपारी, जाऊन येतो म्हणाला आणि डोळे मिटून पडला.

"हाक मारली तरी येत न्हाई," रंगुबाई म्हणाली.

जया एसटीने श्रीगोंद्याला गेली. कानिफनाथ पाचटाच्या कोपीच्या दाराशी पोत्याला टेकून बसला होता. तिने पँट त्याच्या मांडीवर ठेवली, चुकलं म्हणाली. तो बराच वेळ टिपेवरून बोट फिरवत राहिला.

"टेम्पोचा क्लच लई जड हाय," तो हळूच म्हणाला. "ती पोरगी मातर जिना पळत चढती."

रंगुबाई हातातलं काम टाकून त्याच्याजवळ आली.

"मला नको ही," कानिफनाथ म्हणाला. "परत कापा. हितं बसून लई दिस झाले."

कुणाला न विचारता त्यांच्या अंगावर असं काही लावणं बरं नाही, असं जयाने सांगितलं. त्याला ते पटलं असावं, त्याने मान हलवली. तरी पँट तिच्याकडेच सरकवली.

आठवडाभर पँट फळीवर राहिली. मग एका सकाळी जयाने तिचा उजवा गुडघा कापला आणि स्वतःच्या जीन्सला शिवला.

गुरुवारी जेवण करून तिने दुकान बंद केलं, स्कूटी काढली. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं. मुळा धरणाचं पाणी दिसलं तेव्हा चार वाजले होते. स्कूटी लावून ती उतारावरून खाली गेली, चपला काढल्या. पाय पाण्यात शिरले. घोटे बुडले, पोटऱ्या बुडल्या, गुडघ्याचं ठिगळ भिजलं, तिथे ते थांबले. पाणी गार होतं. जयाला भीती वाटली, पण तिने त्यांना अडवलं नाही.

ऊन कलल्यावर तिने परत फिरायचं ठरवलं. पाय हलेनात. तिने पुन्हा जोर लावला, तरी नाही. काठावर कुणी नव्हतं.

"भाऊ, चला आता," ती समजावत म्हणाली. "मला घरी जायचंय."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक पाय सावकाश वळला.