दोन सीटची गाडी

"ताई, मी उघड्या टपाची गाडी घेतेय!" धाकटी फोनवर किंचाळली, आणि थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. का दुखू नये? तिचा अर्धा जन्म गाड्यांचे कापडी टप शिवण्यात गेला होता, तेही दुसऱ्यांच्या गाड्यांचे. काम शिकवलं बाबांनी. त्यांचे हात थरथरायला लागले तसं दुकान तिच्या गळ्यात पडलं आणि दुकानासोबत बाबाही, गोळ्या, पथ्यं आणि कुरकुरीसकट. धाकटी लांबच्या शहरात नोकरीला. वर्षातून दोनदा यायची, दोन दिवस राहायची, आणि बाबा असे खुलायचे की बघून घ्या! एरवी घरात कुणी माणूस राहतच नव्हतं जणू.

आता म्हणे, गाडी घेऊन बाबांना समुद्राकाठच्या रस्त्याने न्यायचं आणि महिनाभर आपल्याकडे ठेवायचं. सहज म्हणून सांगितलं हो तिने! पण थोरलीच्या मनात एकच किडा वळवळायला लागला. तिकडे रमले, तर परत येतील कशाला?

गाडी बघायला तिघंही गेली. जुन्या गाड्यांचं मोठं आवार होतं, विकणारा गोडबोल्या होता, आणि धाकटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उड्या मारत होती. बाबांना तिथेच सावलीत खुर्ची दिली होती. थोरलीने एक लाल गाडी हेरली. "ही घे. चौघं बसतात, सामान राहतं, टपही नवा आहे."

"छे गं, मला ती निळी हवी. दोन सीटची."

"दोनच? नि तिसरं माणूस आलं तर?"

"तिसरं कशाला? मी आणि बाबा. बस्स."

झालं! थोरलीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. वीस वर्षं ज्या माणसाचं सगळं केलं, त्याच्या शेजारी बसायला आपल्याला जागाच नाही. आणि हे तोंडावर सांगायचं, तेही हसत हसत!

"टप मात्र तू बघ हं ताई," धाकटी म्हणाली. "तू हो म्हणालीस तरच घेते."

टप कसा बघायचा, हे बाबांनी शिकवलं होतं. डोळ्यांनी बघायचाच नाही. कापडाला काळा रंग मारला की म्हातारा टपही तरुण दिसतो. आतून हात घालायचा आणि मागच्या काचेवरच्या शिवणीवरून अंगठा हळूहळू ओढत न्यायचा. जिथे अंगठा बुडतो, तिथे उन्हाने दोरा कुजलेला. थोरलीने हात घातला, अंगठा ओढला. मध्यावर तो बुडला. चांगला वीतभर दोरा गेला होता.

ती क्षणभर थांबली. समोर धाकटी स्टिअरिंगवर बसून आरशात केस सारखे करत होती.

"छान आहे," थोरली म्हणाली. "घेऊन टाक."

जिवाला धोका नव्हता, तेवढी काही ती दुष्ट नव्हती. दुपारी ऊन वाढलं की टप लावतील, वाऱ्याने शिवण उसवेल, कापड फडफडेल आणि स्वारी संध्याकाळी परत दारात. जरा फजिती होईल, एवढंच. होऊ दे की!

पुढचे चार दिवस मात्र तिला घरात बसवेना. एरवी शर्ट बदला म्हटलं तर वसकन अंगावर येणारे बाबा आता दोन शर्ट इस्त्री करून मागत होते. टोपी आणली, आरशासमोर तीनदा घालून पाहिली. मधूनच दुकानाच्या दारात येऊन उभे राहायचे, तिच्याकडे बघायचे. ती मान वर करायची नाही. काय ते कौतुक ऐकायचं पुन्हा!

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी होती. धाकटी बॅग कोंबून पाणी भरायला घरात गेली होती. बाबा टोपी घालून दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"दाभण काढ," ते म्हणाले. "मेणाचा दोराही."

"कशाला?"

"टप शिवायचाय. तुझा अंगठा थांबला होता त्या दिवशी."

थोरलीच्या हातातली कात्री तशीच राहिली. "तुम्ही तर... तुम्ही तिच्याकडे बघत होतात."

"मी कशाला तिच्याकडे बघू? कामाला लागलीस की मी तुझ्या हातांकडेच बघतो. दुसरं काय बघायचं राहिलंय मला?" बाबा कुरकुरतच बोलले. "चार दिवस वाट बघितली. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"मी तर सांगितलंच नाही. मग तसेच गाडीत बसला असतात?"

"आलो ना आता? ऊठ, ऊन चढेल."

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले, आणि रडायलाही लाज वाटली. ती उठली, गाडीचा मागचा भाग दुकानाच्या दारात घेतला. बाबांनी थरथरत्या हातांनी कापड ताणून धरलं, तिने टाके घातले. "आवळ," बाबा म्हणायचे. "आवळलाय," ती म्हणायची.

शेवटची गाठ मारून ती बाहेर आली, तर धाकटी भिंतीला टेकून उभी. कधीची, कोण जाणे.

"टप खराब होता?" तिने विचारलं.

"हो. मला माहीत होतं," थोरली म्हणाली. एकदाचं बोलून टाकलं.

धाकटी चिडेल, आकांडतांडव करेल असं तिला वाटलं. पण ती बघत होती आतल्या स्टुलाकडे, बाबा मेणाचा दोरा गुंडाळत बसले होते तिकडे.

"तुम्ही दोघं असे बसलात ना, की मला आत पाऊल टाकायची हिंमत होत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही होत. मला त्यांनी कधी सुईसुद्धा धरू दिली नाही, ताई. म्हणून तर दोन सीटची घेतली."

थोरलीने उगाच गाडीत हात घातला, नव्या शिवणीवरून अंगठा फिरवला. कुठे बुडला नाही.

"गोळ्या रात्री जेवणानंतर," ती शेवटी म्हणाली. "नाही म्हणतील. ऐकायचं नाही."

"बरं."

"आणि महिना म्हणजे महिनाच हं!"