साखरेने घासलेला पाय

प्लास्टर कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं, दोन्ही हातांनी ते कवच फाकवलं आणि म्हणाला, "घ्या बाई, तुमचा पाय तुम्हाला परत."

टेलरबाईने वाकून पाहिलं. हा पाय आपला आहे हे तिला पटेना. पोटरी पार आटून गेली होती. कातडी पिवळट-पांढरी झाली होती आणि जुन्या भिंतीचा रंग सुटावा तसे तिचे पापुद्रे सुटत होते. त्यात तो कोंदट वास. तिने ओशाळून वर पाहिलं. तिची नणंद दाराशी पिशवी आणि कुबडी धरून उभी होती. तोंडावर नेहमीसारखाच कसलाही भाव नव्हता.

डॉक्टरांनी घोटा दाबून बघितला. "हाड छान जुळलंय. कोमट पाण्यात पाय भिजवा, तेल लावा, मेलेली कातडी हळूहळू निघून जाईल. खरवडायचं मात्र नाही. आणि चाला, पण बेताने."

घरी यायला दुपार झाली. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. टेलरबाईचा नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. अख्ख्या शहराला वर-खाली नेणारा माणूस, आणि बायको जिन्यात कठडा धरून धापा टाकतेय. एरवी ती त्याला यावरून हटकून टोमणा मारायची. हल्ली तेवढंही अंगात उरलं नव्हतं. दर वळणावर ती थांबायची, मागे नणंदही थांबायची, आणि दोघी एकमेकींकडे न बघता श्वास घ्यायच्या.

शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात टेलरबाई मशीनवर बसायची. कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना पायरी चुकली आणि घोटा मोडला. बातमी कळताच नवऱ्याची मोठी बहीण आली. विधवा बाई, मुलगा-सुनेकडे राहणारी. जन्मभर बालवाडीत शिकवलेलं, त्यामुळे कुणाशीही बोलताना समोरच्याचं नाक वाहतंय अशा सुरात बोलायची. तिला सगळेच ताई म्हणत.

ताईने आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. स्वयंपाक, धुणं, भांडी, टेलरबाईची अंघोळसुद्धा. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. पण डब्यांच्या जागा बदलल्या, चहाची साखर कमी झाली, आणि घरातल्या शिलाई मशीनवर एक दिवस कांदे-बटाट्यांची टोपली येऊन बसली ती बसलीच. टेलरबाई काही बोलली नाही. फुकट राबणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने बोलणार? ती आभार मानायची. पाणी दिलं, आभार. उशी सरकवली, आभार. आभार मानून मानून तिचा जबडा दुखायला लागला होता. ताई त्यावर नुसती हुं म्हणायची आणि एक लांब उसासा टाकायची. तो उसासा ऐकला की टेलरबाईला वाटायचं, ही बाई इथे एकेक दिवस मोजतेय. आणि तीही मोजतच होती. प्लास्टर निघालं की ताईला गोडीगुलाबीने घरी पाठवायचं आणि आपल्या घरात, आपल्या पद्धतीने, एक दिवस कुणाचेही आभार न मानता लोळत पडायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती.

खुर्चीत टेकल्यावर तिचा हात आपोआप पायाकडे गेला. खाज अशी सुटली होती की डोळ्यांत पाणी यावं.

"हात काढ," ताई म्हणाली. "खरवडायचं नाही म्हणालेत."

"खरवडत नाहीये. नुसती चोळतेय."

"नखांनी?"

टेलरबाईने हात काढला. तेवढ्यात तिला कारखान्यातल्या काजं करणाऱ्या मुलीचं बोलणं आठवलं. ती सकाळी फोनवर म्हणाली होती, साखर आणि खोबरेल तेल कालवून लावा, मेलेली कातडी अलगद निघते, पार्लरमध्ये याचेच पैसे घेतात. टेलरबाईने घाबरत घाबरत ते ताईला सांगितलं.

"साखर? अंगाला?" ताईने भुवया वर चढवल्या. "मुंग्या उचलून नेतील तुला."

"नेऊ देत. तीन मजले तरी वाचतील माझे."

ताईच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. टेलरबाई कुबडी घेऊन उठायला लागली तशी ती म्हणाली, "बस खाली. माझ्या ओट्यावर पसारा नको."

माझ्या ओट्यावर! टेलरबाई कुबडी बाजूला ठेवून बसली.

थंडीने तेल बाटलीत गोठलं होतं. ताईने बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली, मग एका वाटीत तेल ओतून त्यात चमचाभर साखर टाकली. साखर तळाशी जाऊन बसली आणि वर नुसतं तेल. ताईने ती वाटी आणून दाखवली. "ही बघ तुझ्या पार्लरची गंमत."

"साखर जास्त हवी, ताई. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. मुठीत धरलं तर गोळा व्हावा."

ताई पुन्हा आत गेली. वाळूसारखं झालं तेव्हा तिने चिमूटभर स्वतःच्या मनगटावर घासून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. दाणे टोचत होते. मग तिने दुसरी साखर स्वच्छ फडक्यात बांधली आणि वरून लाटणं फिरवलं. फार नाही, कणी मोडेल इतपतच. हे सगळं ती बोलत बोलत करत होती, बालवाडीतल्या मुलांना करून दाखवावं तसं. "आता काय करायचं? तेल. थोडंसंच. आता काय? ढवळायचं. एकाच बाजूने नाही." टेलरबाई बाहेरून ऐकत होती. इतक्या दिवसांत ताई एका दमात एवढं बोलल्याचं तिला आठवेना.

न्हाणीघरात स्टूल ठेवून, टबात कोमट पाणी घेऊन पाय भिजत घातला. कातडी मऊ पडल्यावर ताईने खाली पाट टाकला, बसली, तो पाय स्वतःच्या मांडीवरच्या टॉवेलवर घेतला आणि मूठभर साखर लावून घासायला सुरुवात केली.

"आई गं! ताई, पातेलं नाही ते, पाय आहे!"

ताई थबकली. हातातल्या पायाकडे तिने बघितलं आणि एकदम फसकन हसली. "सवय गं. हाताला वाटलं भांडंच आहे."

टेलरबाईलाही हसू आलं. मग ताई बोटांच्या पेरांनी, गोल गोल, अगदी हलक्या हाताने चोळायला लागली. साखर सरसर वाजत होती. मेलेली कातडी राखाडी वळ्या होऊन निघत होती आणि खालून लहान मुलासारखी गुलाबी कातडी दिसत होती. खाज थांबली. उबेने टेलरबाईच्या पापण्या जड झाल्या. महिनाभर दुखणारं काहीतरी सैल पडत होतं, आणि हे फक्त पायाचंच नव्हे असं तिला अर्धवट झोपेत वाटलं.

फोन वाजला. ताईचा. मुलाचं नाव दिसत होतं.

"तूच बोल," ताई म्हणाली. तिचे हात मनगटापर्यंत तेला-साखरेत होते.

टेलरबाईने स्पीकर चालू केला. "बोल रे. तुझी आई कामात आहे."

"मामी! पाय कसा आहे?"

"आजच प्लास्टर निघालं. आता तुझी आई तुला परत. कधी येतोस न्यायला?"



"एवढी काय घाई आहे, मामी? राहू दे की अजून. तुलाही मदत हवीच. आणि इकडे कसंय... आईला बोललोय मी. हिचं ऑफिसचं काम आता घरूनच असतं ना, तर आईच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर मांडलंय. पलंग उचलून माळ्यावर टाकला. ती आली की झोपायला... बघू, काहीतरी करू. पण सध्या तुझ्याकडेच बरी आहे ती."

"बरं," टेलरबाई म्हणाली. तिने फोन ठेवला.

ताई एकाच जागी चोळत होती. घोट्याच्या वर, त्याच एका जागी.

"ताई, तिथे झालं."

"हं." हात थांबला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आल्यावर आठवड्यातच सांगितलं त्याने. विचारलं नाही, सांगितलं." ताईने टबातलं पाणी ओंजळीने पायावर सोडलं. "त्यांचंही काही चुकत नाही. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही तिथे. घर सुतासारखं चाललंय."

"मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? तू प्लास्टर निघायची वाट बघत होतीस. मला दिसत होतं ना. उठता-बसता आभार मानायचीस, पाहुण्याला दार दाखवावं तसे." ताईने मान वर केली नाही. "आणि मी मनात म्हणायचे, हाड अजून थोडे दिवस जुळू नये. डॉक्टरांनी मागच्या वेळी आणखी दोन आठवडे म्हटलं, तेव्हा बरं वाटलं मला. शी! माणसाच्या मोडलेल्या हाडावर कुणी असा जीव टांगून ठेवतं का?"

टेलरबाईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं नाही. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं. आता ताईला इथेच राहा म्हणायला हवं, आणि ते म्हणायची आपली तयारी नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. ती टॉवेलने पाय टिपत राहिली. ताईने टब उपडा केला, पाट उचलला आणि साखर सांडलेली फरशी पुसून घेतली.

संध्याकाळी नवरा आला. ताई गच्चीवर कपडे आणायला गेली होती तेव्हा टेलरबाईने त्याला सगळं सांगितलं. तो हातातला चहा तसाच ठेवून उठला. "आत्ता फोन लावतो. स्वतःच्या आईचा पलंग माळ्यावर टाकतो?"

"अजिबात नाही, बाळ." ताई दारात उभी होती, कपड्यांचा ढीग छातीशी धरून. पन्नाशीच्या लिफ्टवाल्याला बाळ म्हणणारी ती एकटीच उरली होती. "भांडण करून मला त्या खोलीत झोप लागणार आहे का?"

"मग इथेच राहा कायमची," तो म्हणाला. त्याला सोपं होतं ते. सकाळी बाहेर पडायचा तो संध्याकाळी उगवायचा.

ताईने टेलरबाईकडे बघितलं आणि टेलरबाईने पायाकडे. ताईला कळायचं ते कळलं. ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

त्यावर टेलरबाईने जे केलं ते तिने ठरवून केलं नव्हतं. तिने फोन उचलला आणि भाच्याला लावला. "ऐक रे. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलेत मला, आणि आमचा तिसरा मजला. तुमचं घर तळमजल्याला. मी तुझ्या आईबरोबर येतेय राहायला, पाय सुधारेपर्यंत. फार काही नको आम्हाला. आईची खोली आहेच, दोघींना पुरेल. पलंग तेवढा खाली काढून ठेव."

"हो... म्हणजे... ये ना मामी," भाचा म्हणाला. मोडक्या पायाच्या मामीला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

ताई तोंड उघडं टाकून बघत होती. "डॉक्टर कधी म्हणाले जिने टाळा?"

"तुम्ही दाराशी होतात. ऐकू गेलं नसेल."

"आणि तुला तुझ्या घरात लोळायचं होतं ना?"

टेलरबाई चपापली; हे ती कधी तोंडाने बोलली नव्हती. मग म्हणाली, "होतं. अजूनही आहे. आल्यावर लोळेन."

त्या रविवारी दोघी गेल्या. पलंग खाली आलेला होता, पण टेबलही खोलीतच होतं, आणि रविवार असूनही सून कानाला हेडफोन लावून कुणाला तरी तेच तेच समजावत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेलरबाई भांडायच्या तयारीने आली होती, पण त्या पोरीकडे बघून तिचं अवसानच गळालं. काम संपल्यावर सून स्वतःच येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"मामी, खरं सांगू? मला वाटलं, आईंना तुमच्याकडेच आवडतंय. फोनवर त्या कधी येते म्हणाल्याच नाहीत."

"आणि तुम्ही कधी या म्हणालात?" टेलरबाईने विचारलं.

सून हातातल्या हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळायला लागली. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुरे गं आता. दमलीय ती."

टेबल दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत गेलं. तिथे उजेड बरा होता, असं सून नंतर म्हणाली, खरं असेल किंवा नसेल. पुढे कुरबुरी झाल्या. टीव्हीचा आवाज, दाराची कडी, वेळी-अवेळी येणारे फोन. पण ताई आपल्या खोलीत आपल्या पलंगावर झोपायला लागली. टेलरबाई घरभर भिंतीला धरून फेऱ्या मारायची, आणि जेवणानंतर ताई पाय मांडीवर घेऊन तेल लावायची. बोलायच्या कमीच. टेलरबाईने आभार मानायचं सोडून दिलं होतं. ते ताईच्या लक्षात आलं होतं.

पायात बळ आल्यावर टेलरबाई परत निघाली. बसपर्यंत ताई सोडायला आली. पिशवी खिडकीतून आत देत म्हणाली, "पोचलीस की फोन कर."

"पोचल्यावर झोपणार आहे मी, ताई."

"मग उठल्यावर कर," ताई म्हणाली आणि बस सुटेपर्यंत उन्हात उभी राहिली.