आखूड पायांची खुर्ची

आई गेल्यावर तिची खुर्ची विकायची असं मी ठरवलं, कारण कोल्हापुरात राजारामपुरीतला तिचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. पुस्तकं मी पुण्याला नेली. खुर्चीसाठी माझ्या तिथल्या घरात जागा नव्हती.

नबीलाल जुनं फर्निचर घेऊन, दुरुस्त करून विकतो. घरी येऊन त्याने खुर्ची उलटी केली, तळाशी नखाने खरवडून वास घेतला. सागवान जुनं होतं, सांध्यांत कुठे खिळा नव्हता, बैठकीचा वेतही एका कोपऱ्यातच सुटला होता. तो खूश दिसला. मग खुर्ची सरळ ठेवून तो जरा मागे सरकला.

"हिचं पाय कुणी कापलं?"

"वडिलांनी."

आई बुटकी होती. या खुर्चीत बसली की तिचे पाय लोंबकळायचे. म्हणून बाबांनी गच्चीवर करवत घेऊन पाय कापायला सुरुवात केली. एक पाय जास्त कापला गेला, खुर्ची डुगडुगायला लागली. मग बाकीचे कापले, तरी डुगडुगतच राहिली. शेवटी आई म्हणाली, "आता थांबा, नाहीतर हिचा पाट व्हायचा." ही हकिकत ती प्रत्येक पाहुण्याला सांगायची आणि बाबा तोंडासमोर पेपर धरायचे. नबीलालला मी यातलं काही सांगितलं नाही.

अशा खुर्चीत गिऱ्हाइकाचे गुडघे छातीला लागतात, असं त्याचं म्हणणं पडलं. तो पायांना खालून जोड देणार होता. पॉलिश केल्यावर सांधा दिसला नसता. पन्हाळ्याकडचा एक हॉटेलवाला अशीच खुर्ची शोधत होता. नबीलालने सांगितलेल्या किमतीला मी लगेच हो म्हटलं. मी घासाघीस करत नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसलाच.

खुर्ची टेम्पोत चढवली तेव्हा मला काही वाटलं नाही. दोन-तीन दिवसांनी फ्लॅटवर आईच्या साड्यांच्या घड्या घालताना वाटलं, जोड दिल्यावर त्या खुर्चीत आईला बसता येणार नाही. विचार मूर्खपणाचा होता, हे कळत होतं. तरी तो जाईना. शेवटी नबीलालचे पैसे पर्समध्ये घालून मी लक्ष्मीपुरीत त्याच्या दुकानी गेले. पाय जोडले नसतील तर खुर्ची परत मागायची होती.

दुकानाच्या दारातच खुर्ची होती. पाय तेवढेच. तिच्यात एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून.

"बरं झालं आलासा, ताई," नबीलाल म्हणाला. "तुमीच सांगा आमच्या आईला. मिस्त्री दोनदा येऊन परत गेला. हॉटेलवाल्याला हिनंच सांगितलं, इकायची न्हाई म्हणून."

"एवढ्या खुर्च्या भरल्यात ह्यानं दुकानात," त्याची आई, मलिकाचाची, शांतपणे म्हणाली. "एकीत माझं पाय टेकत न्हाईत. ही गावली, तर हिला उंच करतोय."

मी नबीलालला विचारलं, मग आता काय करणार?

"काय करतोय? घरातच इकली म्हणायची."

पर्सवरचा हात मी काढून घेतला. चाचीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुझ्या आईची व्हय ही?"

"हो."

"तुझ्याएवढीच असंल ती."

"एवढीच होती."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

नबीलालने चहा सांगितला आणि माझ्यासाठी एक उंच, कोरीव पाठीची खुर्ची पुढे ओढली. मी बसले. माझे पाय अधांतरी राहिले. चाचीने ते पाहिलं, भिंतीशी ठेवलेला एक पितळी फुल्यांचा पाट पायानेच माझ्याकडे सरकवला.

"घे, ह्यावर ठेव."

"आई, तो इकायचा हाय," नबीलाल म्हणाला, पण हळूच.

मी चपला काढल्या आणि पाय पाटावर ठेवले.